चाळीस फ्रेंच तसबिरी आणि एक हार

फ्रान्सला मी तीनदा जाऊन आले आहे. धाराशिव जिल्ह्यात मात्र या माघात पहिल्यांदाच गेले, आणि तेही फ्रान्स सोबत घेऊन.

झालं असं की पुण्यातल्या एका संस्थेनं फ्रान्समधल्या जुन्या फोटोंच्या आणि चित्रांच्या चाळीस प्रती छापून फ्रेम करून घेतल्या. त्या खेडोपाडी फिरवून ग्रामीण भागाची अभिरुची वाढवायची, असा ठराव झाला. अभिरुची वाढवायला स्वतः जायला मात्र ठराव करणाऱ्यांपैकी कुणी तयार नव्हतं. एकाला साखर होती, एकाची सून बाळंत व्हायची होती. मी निवृत्त, एकटी, तीस वर्षं पोरांना फ्रेंच शिकवलेली. चित्रांखालच्या मराठी ओळी मीच लिहिलेल्या. त्यामुळे घोडं माझ्या दारात आणून बांधलं.

माझा एक दोष आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मला चूक दिसली की राहवत नाही. पर्समध्ये लाल पेन अजून असतं. लग्नाच्या जेवणावळीत वाढप्यानं कोशिंबिरीला रायतं म्हटलं तरी मी त्याला थांबवते. माझे विद्यार्थी मला मागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे, आणि त्यातही दोन चुका आहेत.

येडशी

चित्रं टेम्पोनं आधीच गेली होती. मी रेल्वेनं येडशीला उतरले. सकाळची वेळ, हवेत गारवा, आणि फलाटावर एक गृहस्थ इस्त्रीचा सफारी घालून हातात गुलाबाचं एकच फूल धरून उभे. हे शाळेचे मुख्याध्यापक. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पत्ता पाठवतात आणि वर कुठे वळायचं नाही ते सांगतात. इथं माणूस स्वतः आला होता, आणि माझी बॅग मला शेवटपर्यंत उचलू दिली नाही. घरी नेऊन त्यांच्या पत्नीनं ज्वारीची गरम भाकरी, येसराची आमटी आणि शेंगाची चटणी वाढली. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं, तेव्हा त्यांनी ती अर्धी करून वाढली. अर्धी मोजत नाहीत म्हणे. ती संपल्यावर दुसरी अर्धी आली.

शाळेत हॉल सजवलेला होता. फ्रेम भिंतीला लागल्या होत्या आणि पहिल्याच नजरेत माझ्या लक्षात आलं की नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांच्या चित्रावर एक जरीकाठी शाल पांघरली आहे. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, चित्र चांगलंच हाय. पन मुली हायत, पालक हायत. जरा झाकून ठिवलंय." मी कला आणि देह यावर बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला.

पुढची पंचाईत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. शाळेत शाल एकच होती. माझ्या सत्काराची वेळ आली तशी एका शिक्षकानं लगबगीनं जाऊन ती चित्रावरून काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या माझ्यासाठी होत्या, पण सगळ्या नजरा माझ्या मागच्या भिंतीवर होत्या. फोटो काढून झाल्यावर शाल माझ्या खांद्यावरून पुन्हा त्या बायकांकडे गेली. सोबत मिळालेला नारळ तेवढा माझ्याकडे राहिला.

पण मी भडकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम तसबिरीला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही, हे मला माहीत आहे. तसबीर कुणाची हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. जुना, काळा-पांढरा, चौकटीतला, मिशावाला माणूस असला की तो थोरच असणार आणि गेलेलाच असणार. मुख्याध्यापकांनी चाळिसांतला सर्वांत रुबाबदार मिशावाला निवडून टेबलावर ठेवला होता. त्याला हार, काचेवर कुंकू, पुढे उदबत्ती. ते माइकवरून म्हणाले, या महान फ्रेंच विभूतीस आपण सर्वांनी वंदन करू या. पोरं उभी राहिली.

मी माइक घेतला आणि सांगितलं की ही विभूती पाव भाजणारी आहे. पॅरिसच्या एका गल्लीतला भट्टीवाला. नीट बघा, मागे पावांची फळी दिसते. पोरं खदखदून हसली, मागे बसलेले पालकही हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी रुमालानं काचेवरचं कुंकू पुसलं, हार काढून घडी करावी तसा टेबलाखाली ठेवला, आणि खाली बसले. मला बरं वाटलं. पेपर तपासून झाल्यावर वाटतं तसं.

दुपारी प्रदर्शन बघायला गावातली माणसं आली. काखेत लांबलचक पाव मारून धावणाऱ्या पोराच्या फोटोपुढे बरीच गर्दी झाली. कागदात न गुंडाळता, काखेत घालून आणलेला पाव घरचे खातात कसे, हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. पॅरिसला मी हे कौतुकानं पाहिलं होतं. येडशीत दहाव्यांदा ऐकल्यावर मलाही तो पाव नकोसा वाटला.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. रामलिंगाच्या बाजूच्या माळावर मेंढरं पोराच्या हवाली करून आलो, म्हणाले. ते सगळी चित्रं ओलांडून एका फोटोपाशी थांबले ते थांबलेच. फोटोत तीन माणसं उंच लाकडी पायांवर उभी होती. खाली मी ओळ लिहिली होती, जत्रेतले कसरतपटू. त्यांनी शेजारच्या पोराकडून ती वाचून घेतली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, हे खेळवाले न्हाईत," ते म्हणाले. "हे धनगर हायत."

मी त्यांना समजावू लागले की फ्रान्समध्ये अशा जत्रा भरत. त्यांनी ऐकून घेतलं. मग काचेवर बोट ठेवलं. "ह्यो मागं काय हाय?"

"दगड," मी म्हटलं. "माळ आहे ना तो."

"दगडाला कान असत्यात व्हय? मेंढरं हायत ती. मान खाली घालून चरायलीत. आन् ह्याच्या हातात बघा, लोकर हाय. इणायलाय त्यो. म्याबी चालता चालता सूत काढतो." थोडं थांबून म्हणाले, "खाली पाणथळ असंल. पाय रुतू नये म्हणून काठ्या. आन् उंचावरनं लांबलं मेंढरू दिसतंय."

ते गेल्यावर मी मोबाईलवर शोधलं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दलदलीचा मुलूख होता, तिथले मेंढपाळ लाकडी पायांवर चालत आणि उभ्या उभ्या विणकाम करत. शब्द न शब्द तेच. तीन वेळा फ्रान्सला गेलेल्या बाईला मेंढरं दगड दिसली, आणि येडशीच्या पलीकडे फारसं न गेलेल्या माणसाला कान दिसले. मी लाल पेन काढलं आणि स्वतःच्याच ओळीवर काट मारली. नवी ओळ लिहिताना बाजूला मुख्याध्यापक उभे होते. फ्रेम हलू नये म्हणून त्यांनी ती धरून ठेवली, एवढा त्यांचा मोठेपणा. माझा सकाळचा आनंद तिथंच आंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंगाला गेले. दरी हिरवी, पाणी थोडं, माकडं भरपूर. देवापुढे फोडायला म्हणून सत्काराचा नारळ नेला होता. तो पायरीवरच एका दांडग्या वानरानं माझ्या हातातून घेतला, शांतपणे, जणू सत्कार त्याचाच होता.

मुरुम

टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून मुरुमला निघाले. नळदुर्गाच्या पुढे दोन्ही बाजूंना काळं रान आणि कणसात आलेली ज्वारी. एका शेतावर हुरडा भाजत होते. टेम्पोवाल्यानं ओळख ना पाळख, गाडी उभी केली आणि आम्ही जाऊन बसलो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, संगं चटणी का गूळ. मी दोन्ही म्हटलं. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला मजला विचारायचीही चोरी आहे.

मुरुमला वाचनालयाच्या दारात सुनंदाताई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज मऊ आणि डोळे अजिबात मऊ नसलेले. गेली बावीस वर्षं त्या इथल्या ग्रंथपाल. त्यांनीच पुण्याला तीन पत्रं लिहून प्रदर्शन मागवलं होतं. फ्रेंच कलेची इतकी ओढ मुरुमला कशी, याचं मला वाटेत फार कौतुक वाटलं होतं.

आत गेले आणि कौतुक विरलं. हॉल मोठा होता, उजेडाचा होता, पण निम्मा हॉल एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनी भरला होता. उरलेल्या जागेत मंडपाचे बांबू, गाद्या, आणि माणूस बसेल एवढी पातेली. पुस्तकांची चार कपाटं त्या पातेल्यांच्या पाठीमागे. वाचकाला पुस्तक हवं असेल तर सुनंदाताई दोन पातेल्यांमधून आडव्या होऊन आत जात.

त्यांनी सगळं सांगितलं. वाचनालय ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष अण्णा. शेजारचं मंगल कार्यालयही अण्णांचं. लग्नसराईत सामान ठेवायला जागा कमी पडली म्हणून दिवाळीत चार खुर्च्या तात्पुरत्या आत आल्या. त्यांच्यामागे सगळं घरदार आलं. आता सोमवारी संस्थेची बैठक होती आणि हॉल कायमचा कार्यालयाला जोडायचा ठराव तयार होता. पुस्तकं बांधून शाळेच्या माळ्यावर जाणार होती. परीक्षेचा अभ्यास करायला इथं येणाऱ्या पंधरा-वीस मुली कुठं जाणार, हे ठरावात नव्हतं.

"खरं सांगू का मॅडम," सुनंदाताई म्हणाल्या, "चित्रं बघायला न्हाय बोलावलं तुम्हाला. खुर्च्या हलवायला बोलावलंय. उद्घाटनाला अण्णा येणार म्हटल्यावर हॉल मोकळा करावाच लागतोय. एकदा लोकांना मोकळा हॉल बघू द्या."

माझा जरा अपमान झाला. मग वाटलं, अभिरुची वाढवण्यापेक्षा हे काम जास्त सरळ आहे. अण्णांच्या माणसांनी त्या दुपारी सामान बाहेर काढलं, सुनंदाताईंनी फरशी तीनदा धुतली, आणि हॉल एवढा मोठा निघाला की त्याच चकित झाल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारी अकराला उद्घाटन. अण्णा साडेबाराला आले, म्हणजे वेळेवर. पांढरेशुभ्र कपडे, मागे दहा-बारा माणसं, दोन वार्ताहर, आणि एकाच्या हातात झेंडूचा हार, एवढा जाड की दोन्ही हातांनी धरलेला. नेहमी ज्या तसबिरींना हार घालतात त्या कार्यालयाच्या खोलीत कुलपात होत्या आणि किल्लीवाला लग्नाला उमरग्याला गेला होता. हार मात्र आलेला. कॅमेरे सरसावलेले. अण्णांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती टेबलावर टेकवून ठेवलेल्या एका फ्रेमवर थांबली.

ती फ्रेम टेबलावर होती कारण तिच्याखालची ओळ चिकटवायची राहिली होती. ओळीचा पुठ्ठा माझ्या हातात होता, मागे डिंक लावलेला. फोटोत एक बाई धुण्याच्या उपड्या टोपावर बसून पुस्तक वाचते आहे. बाह्या कोपरापर्यंत वर, केस बांधलेले, चेहरा पुस्तकात बुडालेला. माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, कपडे धुणारी बाई, वाचताना. नाव माहीत नाही.

अण्णांनी हार घातला. नारळ फुटला. उदबत्ती लागली. सगळे उभे राहिले, म्हणून मीही राहिले.

मग अण्णांचं भाषण. फ्रान्स देशात वाचनसंस्कृती रुजवणाऱ्या या थोर विदुषीचं स्मरण आज मुरुमकरांना होत आहे, हे आपलं भाग्य. या माउलीनं किती हालअपेष्टा सोसल्या, हे आपण वेगळं सांगायला नको. टाळी पडली. टाळी पडली की अण्णांना पुढचं वाक्य आपोआप येतं. ही तसबीर पुण्याला परत जाणार नाही, इथंच राहील. या हॉलला या माउलीचं नाव देण्यात येईल. ज्ञानाच्या या मंदिराला मी असेपर्यंत कुणी हात लावून दाखवावा, असं ते कडाडले. हात लावणारे एकटे तेच होते, हे मागच्या रांगेतल्या मुलींनाही माहीत होतं. सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

आणि ते माझ्याकडे वळले. पुण्याहून आलेल्या विदुषींनी या थोर विदुषींविषयी दोन शब्द सांगावेत.

माइक हातात आला. दुसऱ्या हातात तो पुठ्ठा, डिंक बोटांना चिकटलेला. समोर अण्णांचं समाधानी तोंड. बाजूला सुनंदाताई, पदर घट्ट धरून माझ्याकडे बघत. त्यांना बाई कोण हे माहीत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं की काहीतरी घोटाळा आहे. येडशीत याच जागी मी एका वाक्यात हॉल हसवला होता. तेच वाक्य आत्ताही जिभेवर होतं. ते बोलले असते तर अण्णा हार काढून घरी गेले असते, आणि सोमवारी खुर्च्या परत आल्या असत्या. मला ते मुख्याध्यापकांचं कुंकू पुसणं आठवलं. तीस वर्षांत चुकीचं उत्तर मी कधी सोडलं नाही.

मी म्हटलं, "यांनी आयुष्यभर हातांनी कष्ट केले. आणि हात मोकळा झाला की वाचलं. यांचं नाव आज कुणालाच माहीत नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग अण्णा माइककडे झुकून गंभीरपणे म्हणाले, "थोर माणसं प्रसिद्धीच्या मागं नसत्यात." पुन्हा टाळ्या. मी खाली बसले आणि पुठ्ठा पर्समध्ये लाल पेनाशेजारी ठेवला. पर्सचं अस्तर कायमचं चिकटलं.

रविवारी दोन्ही वर्तमानपत्रांत फोटो आला. अण्णा, हार, आणि मधे ती बाई, आपलं पुस्तक वाचत.

उद्घाटनाच्याच दिवशी गर्दी ओसरल्यावर मी सुनंदाताईंच्या हातात पुठ्ठा दिला होता. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "मग बरोबरच हाय की." त्यांची आई शेजारच्या कार्यालयात भांडी घासायला होती, मोठं लग्न असलं की अजूनही बोलावतात. शाळेत कधी गेली नाही. लग्नात इकडंतिकडं पडलेल्या पत्रिका गोळा करून घरी आणायची आणि नवरानवरीच्या नावांवरून अक्षरं लावायची. तसंच वाचायला शिकली. सुनंदाताईंचं पहिलं पुस्तक म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

थोड्या वेळानं त्या आईला घेऊन आल्या. म्हातारी धुतलेलं निळं लुगडं नेसून आली होती. दारात चपला काढल्या, हाराला नमस्कार केला, मग जवळ जाऊन फोटो निरखला. मी बोलायचं नाही हे आता शिकत होते.

"बाह्या वरच हायत," ती म्हणाली. "धुणं संपलेलं न्हाय. मधीच टाकून वाचायलीय. मालकीण आली की पुस्तक खाली ठिवंल बघा."

ती ओळ मी लिहायला हवी होती.

सोमवारी बैठकीआधीच अण्णांच्या माणसांनी सवयीनं खुर्च्यांची गाडी दाराशी लावली. पहिला गडी खुर्च्या उचलून उंबऱ्यापर्यंत आला आणि थबकला. समोर भिंतीवर तसबीर, ताजा हार, खाली सुनंदाताईंनी लावलेली समई. त्यानं चपला काढल्या. मग त्याला कळेना की अनवाणी उभं राहून देवमाणसापुढं खुर्च्या रचायच्या कशा. दुसरा म्हणाला, अण्णांनाच विचारून यावं. अण्णा आले, तसबिरीकडे बघितलं, बाहेर जमलेल्या मुलींकडे बघितलं, आणि फार दुखावल्यासारखे म्हणाले, "इथं सामान ठिवायचं कुणाच्या डोक्यात आलं रे? गोठ्यात टाका."

बैठकीत हॉलचा विषय निघाला तो फक्त नावापुरता. नाव माहीत नसल्यामुळे वाचनालयाला माउली वाचनालय म्हणायचं ठरलं. अण्णांना जयंतीसुद्धा करायची होती. तारीख कुठून आणायची यावर चर्चा चालली असताना म्हातारी दारातून म्हणाली, कार्यालयात लग्न नसंल त्या दिवशी ठिवा, म्हंजे भांडीवाल्या बायांना येता येईल. ते मंजूर झालं.

निघायच्या आधी सुनंदाताईंनी फ्रेम खाली घेतली आणि माझा पुठ्ठा मागच्या बाजूनं डकवला. कुणी उलटून बघितलं तर खरं काय ते तिथं आहे. मग फ्रेम परत खिळ्याला लावली आणि हार सरळ केला.

परतताना येडशीला उतरले. मुख्याध्यापकांना म्हटलं की त्या दिवशी तुमचा हार उतरवला, ती चूक माझी होती, माणसापुढे असं बोलू नये. ते म्हणाले, जाऊ द्या मॅडम, मेंढरांच्या फोटोखाली तुम्ही काट मारलीत तेव्हाच फिटलं. मग त्यांनी चहा सांगितला आणि माझा दुसरा कप अर्धा भरला.

पुण्याला संस्थेनं अहवालाचा छापील तक्ता दिला. पाठवलेल्या फ्रेम चाळीस. परत आलेल्या एकोणचाळीस. पुढे रकाने होते, फुटली, हरवली, चोरीला गेली. यांतलं एकही खरं नव्हतं. शेवटी शेरा नावाचा रकाना होता. मी लाल पेन काढलं आणि त्यात लिहिलं, पूजेत आहे.